स्क्रू-ड्रायव्हरच्या बाजूने चार शब्द

मध्यमवर्गीय घरात मुलाच्या हातात सिगारेट दिसली की जी खळबळ माजते, तिच्या खालोखाल खळबळ त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की माजते. वडील पेपरातून डोकं वर काढतात, आई स्वयंपाकघरातून धावत येते आणि आजी, नक्की काय चाललंय हे न कळताही, "अरे, शॉक बसेल रे!" म्हणून मोकळी होते. मूल रांगायला लागलं की त्याच्या कानावर आदळणारं पहिलं वाक्य म्हणजे "हात लावू नकोस!" कपबशीला हात लावू नकोस, कात्रीला लावू नकोस, इस्त्रीला लावू नकोस आणि पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या काजूंना तर मुळीच लावू नकोस. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या यादीत कॉम्प्युटरची भर पडली.

खरी गंमत पुढेच आहे. याच मुलाला आपण पुढे कॉम्प्युटर इंजिनियरिंगला घालतो. त्यासाठी क्लास लावतो, कर्ज काढतो, सिद्धिविनायकाला जाऊन येतो. आणि ज्या यंत्राचा तो इंजिनियर व्हायचाय त्या यंत्राचं झाकण त्याने घरी उघडलं की आपल्यालाच घाम फुटतो. म्हणजे आचाऱ्याच्या शिक्षणाला पाठवायचं आणि घरात फोडणी द्यायला बंदी करायची, असा हा कारभार.

माझं म्हणणं साधं आहे, ते आधीच सांगून टाकतो. जे यंत्र आपल्याला उघडता येत नाही ते आपलं नव्हे. आणि ज्या मुलाला ते उघडू दिलं जात नाही त्याचं शिक्षण अर्धंच राहिलं. आता तुम्ही विचाराल, हे सांगणारा मी कोण? तर मी बी. कॉम. आणि बँकेतला कारकून. यंत्राशी माझा संबंध नोटा मोजायच्या मशीनपुरता. पण जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि या प्रश्नाची आजवर सगळ्यांनी एकच बाजू मांडलेली आहे. ती म्हणजे झाकणाची.

स्क्रू-ड्रायव्हरची बाजू मला शिकवली ती माझ्या भाच्याने. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झालेली जी २०२० सालची बॅच, त्यातला हा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा-कॉलेजं घरात घुसली आणि घरोघरच्या माळ्यांवरून, पलंगांखालून, गणपतीच्या मखराच्या मागून जुने कॉम्प्युटर बाहेर निघाले. त्यातले निम्मे चालू होईनात. दुकानं बंद, मेकॅनिक गावी. आणि भाच्याकडे एक स्क्रू-ड्रायव्हर, एक रंगकामाचा ब्रश आणि भूगोल सुटल्यामुळे भरपूर वेळ. पंधरा दिवसांत तो सोसायटीचा फॅमिली डॉक्टर झाला. लोक तोंडाला मास्क लावून, हातात सीपीयूचा डबा घेऊन ताईच्या दारात सहा-सहा फुटांवर उभे राहू लागले. भावजींनी सुरुवातीला त्यांच्या प्रथेप्रमाणे "हात लावू नकोस" म्हणून पाहिलं. पण सोसायटीचे चेअरमन स्वतःच डबा घेऊन आल्यावर त्यांनी धोरण बदललं आणि रांगेची व्यवस्था पाहायला सुरुवात केली.

भाच्याच्या अनुभवावरून बंद पडलेल्या कॉम्प्युटरचे पाच प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे बंद न पडलेला कॉम्प्युटर. मागच्या बाजूला एक काळं बटण असतं, ते झाडताना दाबलं गेलेलं असतं. किंवा मॉनिटरची वायर निम्मी निघालेली असते. हे दुरुस्त करायला दहा सेकंद लागतात, पण भाचा दहा मिनिटं लावायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "मामा, लगेच चालू केला तर काकांना वाईट वाटतं." वैद्यकीच्या कॉलेजात हे शिकवतात की नाही, मला ठाऊक नाही.

दुसरा प्रकार धुळीचा. कॉम्प्युटर चालू होतो, दहा मिनिटं चालतो आणि ऐन भागाकाराच्या मध्यावर डोळे मिटतो. आत प्रोसेसर नावाचा जो मेंदू असतो त्याच्या डोक्यावर एक पंखा असतो आणि पंख्याखाली धातूच्या पात्यांचा जुडगा. त्या पात्यांत दहा वर्षांची धूळ जाजमासारखी बसलेली असते. मेंदू तापतो आणि जळण्यापेक्षा झोपलेलं बरं असा शहाणा निर्णय घेतो. ब्रशने धूळ काढली की काम झालं. या डब्यांतून भाच्याने काढलेल्या वस्तूंत झुरळांची दोन कुटुंबं, पालीची अंडी, एक दोन रुपयांचं नाणं आणि चकलीचा एक तुकडा होता. चकली खुसखुशीत राहिली होती. आतली हवा कोरडी असते.

तिसरा प्रकार बोंबलणारा. चालू करायला जावं तर पडदा काळा आणि डब्यातून लांबलचक 'बीऽऽप'. माणसं घाबरतात. पण बोंबलणारं यंत्र मुक्या यंत्रापेक्षा केव्हाही चांगलं. ते निदान कुठे दुखतंय ते सांगतं. बहुतेक जुन्या यंत्रांत ही बोंब मेमरीची असते. मेमरीची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं साधं खोडरबर हलकेच फिरवायचं, पुन्हा नीट दाबून बसवायची. झालं. हजारोंच्या यंत्रावर पाच रुपयांचं खोडरबर चालतं, हे पाहून माझा भांडवलशाहीवरचा विश्वास वाढला की उडाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौथा प्रकार काळात मागे गेलेला. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. यंत्राची वायर काढलेली असली तरी ही बापडी घड्याळ चालू ठेवते. ती संपली की कॉम्प्युटर प्रत्येक सकाळी आठ-दहा वर्षं मागे जाऊन उठतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना कुठलीच साइट उघडेना, आणि त्यांनी सगळा राग माझ्यावर काढला. "तुमच्या बँकेचीसुद्धा उघडत नाही. तुमच्याकडे कामं करतं कोण?" मी उत्तर देण्याच्या आत भाच्याने खुलासा केला, की सुरक्षित साइटच्या ओळखपत्रावर मुदत असते, कॉम्प्युटरला वाटतंय आज २०११ साल आहे, म्हणजे ते ओळखपत्र अजून जारीच झालेलं नाही. नवी बॅटरी घातली, तारीख लावली, जग पूर्ववत झालं. बँकेवरचा आळ चहाच्या किमतीत उतरला, असं या खात्यात तरी प्रथमच घडलं असावं.

आणि पाचवा प्रकार म्हातारा. चालतो, पण आंघोळ करून आलो तरी 'वेलकम'च म्हणत असतो. आतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो असा पळायला लागतो, की मालकाला स्वतःविषयीही आशा वाटू लागते.

आता यात मोठंसं काय आहे, असं कुणी म्हणेल. पण भाचा काम करताना मी शेजारी बसून पाहिलंय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की तपासायचं. फरक पडला नाही तर ती होती तशी करायची आणि मग पुढच्या गोष्टीकडे जायचं. काढलेले स्क्रू बशीत क्रमाने ठेवायचे. मला असं वाटतं, असं म्हणायचं नाही, पाहायचं. आमच्या बँकेत दिवसअखेर बारा रुपयांचा फरक निघाला तर आम्ही नेमकं हेच करतो, फक्त बशीऐवजी व्हाउचरं असतात. ही पद्धत पुस्तकात एका ओळीत लिहिता येते, पण अंगात मुरायची तर हातात एखादं बंद पडलेलं यंत्र लागतं. बरं, यंत्राला मस्का चालत नाही, वशिला चालत नाही, आणि तोंडी परीक्षेसारखे 'अंदाजे' गुणही ते देत नाही. खोटं बोलून चालू होणारी फक्त माणसं असतात.

त्याच वर्षीची एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची मुलगी नववीत होती. घरात एकच स्मार्टफोन, तो वडील कामावर नेत. म्हणजे पोरीची शाळा वडील घरी येतील तेव्हा सुरू व्हायची, आणि तोवर बाई फळा पुसून गेलेल्या असायच्या. भाच्याने सोसायटीतले तीन मेलेले कॉम्प्युटर गोळा केले. एकाचा बोर्ड चांगला, एकाचा वीजपुरवठ्याचा डबा चांगला, एकाची डिस्क चांगली. मेमरीच्या पट्ट्या जुळेनात, कारण डीडीआर-दोन आणि डीडीआर-तीन या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. दोन दिवस हिंडून त्याने हवी ती पट्टी मिळवली. तिघांचा एक झाला. वायफायसाठी नखाएवढी कांडी लावली, चाळीतल्या एका भल्या शेजाऱ्याने पासवर्ड दिला आणि पोरगी वर्गात जाऊन बसली. कॅमेरा नव्हता, पण त्यावाचून काही अडलं नाही. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे कॅमेरे गणिताच्या तासाला 'बिघडत'च असत.

हे शक्य झालं ते एकाच गोष्टीमुळे. ते तिन्ही डबे उघडत होते.

आणि आता मी माझ्या खऱ्या भांडणाकडे येतो. मुलाला 'हात लावू नकोस' म्हणणारा बाप जुनाच आहे. त्याची समजूत घालता येते. पण हल्ली कंपन्यांनीही बापाची भूमिका घेतली आहे, आणि हा बाप सोसायटीच्या चेअरमनलाही ऐकत नाही.

या धंद्याचा इतिहास पाहा. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याला झाकण होतं, आत पाच जादा खाचा होत्या, आणि त्याच्या तांत्रिक पुस्तकात विजेच्या जोडण्यांचे नकाशे छापलेले होते. ज्याला हवं त्याने उघडावं, नवी पाटी बसवावी. इतरांनी तसेच डबे बनवले, सुटे भाग बनवले, आणि त्यातूनच पुढे 'असेंबल्ड' कॉम्प्युटर नावाची मध्यमवर्गाला परवडणारी चीज जन्माला आली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड ही सगळी तीर्थक्षेत्रं त्या उघडणाऱ्या झाकणावर उभी राहिली.

मग शहाणपण सुचलं. २००९ साली अ‍ॅपलने एका मॅकबुक प्रोची बॅटरी पाच पाकळ्यांच्या स्क्रूंनी बसवली. तो उघडायचं हत्यार साध्या दुकानात मिळत नव्हतं. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये मेमरी बोर्डाला डाख देऊन टाकली आणि बॅटरी चिकटवून टाकली. २०१७ साली मायक्रोसॉफ्टचा सरफेस लॅपटॉप आला. यंत्रं उघडून त्यांना दुरुस्तीचे गुण देणारी आयफिक्सिट नावाची संस्था आहे. तिने त्याला दहापैकी शून्य दिले, कारण तो फाडल्याशिवाय उघडतच नव्हता. दहापैकी शून्य! आमच्या शाळेत कोऱ्या पेपरालासुद्धा अक्षराचा एक गुण मिळत असे.

यावर कंपनीवाल्यांची उत्तरं ठरलेली. पहिलं उत्तर, "लोकांना पातळ लॅपटॉप हवा असतो." हवा असतो, मान्य. पण त्याच मायक्रोसॉफ्टने २०१९ साली त्याच घराण्यातला पुढचा लॅपटॉप उघडेल असा बनवला आणि त्याला दहापैकी पाच गुण मिळाले. तो काही पाटा-वरवंट्याएवढा जाड झाला नाही. दुसरं उत्तर, "डाख दिलेली मेमरी जलद चालते, वीज कमी खाते." यात तथ्य आहे, उगाच खोटं कशाला बोला. पण २०२४ साली लेनोव्होने एका थिंकपॅडमध्ये अशाच कमी वीज खाणाऱ्या जातीची मेमरी स्क्रूने बसवून दाखवली. अडचण विज्ञानाची कमी आणि दानतीची जास्त होती.

तिसरं उत्तर चिकटपट्टीचं. "ही पट्टी काढल्यास वॉरंटी रद्द." ही पट्टी पाहिली की आपण शनीच्या पारावर उभे असल्यासारखे मागे सरतो. पण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं, की दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतलं म्हणून वॉरंटी रद्द, अशी धमकी देणं तिथल्या कायद्यात बसत नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्याला भीत होतो तो त्यांच्या घरी नुसता कागदी वाघ होता.

चौथं उत्तर सुरक्षिततेचं, आणि ते मात्र मी कान देऊन ऐकतो. वीजपुरवठ्याचा डबा उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरांत वीज साठून राहते. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला आतून हात लावू नये. तिथे हजारो व्होल्टचा कारभार असतो. फुगलेली लॅपटॉपची बॅटरी टोचू नये. ती पेट घेते. ही तिन्ही पथ्यं मला भाच्यानेच सांगितली, आणि प्रत्येकाचं कारण सांगितलं. कारणासकट आलेला 'नको' म्हणजे ज्ञान; कारणाशिवाय आलेला नुसता धाक. कंपनी जेव्हा हे कारण तीन वस्तूंपुरतं न ठेवता सगळ्या यंत्राला लावते, तेव्हा तिला आपल्या जिवाची काळजी असते की आपल्या पाकिटाची, हे ओळखायला बी. कॉम. पुरतं.

पाकिटाचं सांगतो. आमच्या एका शेजाऱ्यांचा लॅपटॉप चालू होईना. सर्व्हिस सेंटरवाल्याने न उघडता निदान केलं, "बोर्ड गेलाय. बदलावा लागेल." खर्चाचा आकडा असा, की त्यात अजून थोडे घातले तर नवा लॅपटॉप येईल, आणि तो थोड्याचा हिशेबही त्याने नव्या लॅपटॉपच्या रंगीत पत्रकासह तयार ठेवला होता. शेजारी हिरमुसून घरी आले. भाच्याने चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, बॅटरी पुन्हा बसवली. लॅपटॉप चालू झाला. खर्च शून्य. शेजाऱ्यांनी भाच्याला बेसनाचे दोन लाडू दिले. मी हिशेब केला. वाचलेल्या रकमेच्या मानाने लाडवाचं कमिशन फारच कमी पडलं. पण बॅटरी चिकटवलेली असती तर तेही पडलं नसतं.

आता घसाऱ्याकडे पाहा. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत टेबलावरच्या कॉम्प्युटरचं आणि लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलं आहे. तीन वर्षं! एवढ्यात लोणचं मुरतं. आमच्या घरातला प्रेशर कुकर लग्नातला आहे. त्याची रिंग आठ वेळा बदलली, शिट्टी दोनदा, हँडल एकदा. आणि त्यातली वरण-भाताची चव अजून तीच आहे. उद्या कुकरवाल्याने रिंग झाकणाला चिकटवून टाकली आणि म्हटलं, "रिंग गेली? नवा कुकर घ्या," तर या महाराष्ट्रातल्या बायका लाटणी घेऊन त्याच्या ऑफिसवर मोर्चा नेतील. मग लॅपटॉपच्या बॅटरीबद्दल आपण गप्प का? ती तर रिंगेपेक्षा लवकर जाते.

आणि यंत्र धडधाकट असलं तरी सुटका नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज दहाची नेहमीची साथ थांबवली. पुढच्या विंडोज अकराच्या अटींत टीपीएम-दोन नावाची चीज आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो; म्हणजे असंख्य चालत्या यंत्रांना एका सकाळी सक्तीची निवृत्ती, पेन्शनशिवाय. भाच्याने सोसायटीतल्या अशा निवृत्तांवर फुकटची लिनक्स चढवली आणि त्यांना पुन्हा कामावर घेतलं. मुख्याध्यापकही त्यावर खूश आहेत. त्यांनाही निवृत्तीनंतरच काम जास्त लागलं होतं.

सरकारं काही करत नाहीत, असं नाही. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढलं. पोर्टल उत्तम आहे. फक्त ते पाहायला चालू कॉम्प्युटर लागतो. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने २०२४ साली काही वस्तूंच्या दुरुस्तीची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा निर्देश काढला. आपल्याकडेही तसं व्हावं म्हणून ओरडायला हवं. पण कायदा येईपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि दोन्ही फुकट आहेत.

एक, दुकानात. नवा लॅपटॉप घेताना आपण रंग विचारतो, हप्ता विचारतो, बॅग फुकट मिळेल का विचारतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: याची मेमरी वाढवता येते का? डिस्क बदलता येते का? बॅटरी साध्या स्क्रूने निघते का? विक्रेता गोंधळेल, आत जाऊन कुणाला तरी विचारून येईल. येऊ दे. दिवसाला दहा गिऱ्हाइकांनी त्याला आत पाठवलं की अकराव्या दिवशी तो कंपनीला विचारील.

दोन, घरात. मुलाच्या वाढदिवसाला स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच आणा आणि माळ्यावरचा तो जुना डबा काढून त्याच्यासमोर ठेवा. वायर मात्र आधी काढा. त्याला उघडू द्या. जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरेल, तो उरतोच. लगेच ओरडू नका. बशीत ठेवा. तो कुठला होता हे शोधत मुलगा पुन्हा झाकण उघडील, आणि त्या दुसऱ्या उघडण्यात तो जे शिकेल त्याची फी कुठल्याच क्लासने अजून लावलेली नाही. लावायच्या आत उरकून घ्या.